यकृतासाठी मिल्क थिसल घ्यावं का? वाचकांच्या पत्रांना उत्तरं

गेल्या दोन महिन्यांत आलेली पत्रं एकत्र लावली, तर निम्म्याहून अधिक पत्रांत एकच नाव आहे: मिल्क थिसल. कुणी त्याच्या गोळ्या सुरू केल्यात, कुणाला सुरू करायच्यात, कुणी थेट बियाच मागवल्यात. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा याच वनस्पतीला दिली आहे. मी यकृतविकारांची डॉक्टर आहे आणि चोवीस वर्षं हेच काम करते आहे. वनस्पतींच्या औषधांवर माझा राग नाही, त्यातल्या काहींबद्दल आदरच आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा असतो. यकृत का बिघडलंय हे कळल्याशिवाय त्याच्यासाठी काहीही सुरू करू नका.

प्रश्न: माझं वय ४६, वजन ८४ किलो. नेहमीच्या तपासणीत सोनोग्राफीत ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ आलं. एसजीपीटी ६८, एसजीओटी ५२, प्लेटलेट दोन लाख चाळीस हजार. त्रास काहीच नाही, दारूही घेत नाही. भाऊ म्हणतो, मिल्क थिसलच्या गोळ्या घे, तीन महिन्यांत लिव्हर साफ होईल. घेऊ का?

उत्तर: आकडे लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत. ‘लिव्हरला सूज आहे म्हणाले’ एवढ्यावरून मला काहीच सांगता येत नाही.

आधी त्या आकड्यांचा अर्थ लावू. एसजीपीटी हे यकृताच्या पेशीच्या आतलं एन्झाइम, एसजीओटीही तसंच. पेशीला इजा झाली की ते रक्तात उतरतं आणि तपासणीत दिसतं. इजा चरबीनं झाली, विषाणूनं झाली की एखाद्या गोळीनं झाली, हे त्या आकड्यावरून कळत नाही. आणि दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे: आकडा मोठा म्हणजे आजार मोठा असंही नाही. माझ्याकडे एसजीपीटी अगदी नॉर्मल असलेले, पण यकृत पार आकसून गेलेले रुग्ण येतात. त्यामुळे मला पहिल्यांदा जाणून घ्यायचं असतं ते यकृतात व्रण, म्हणजे फायब्रोसिस, किती झालाय ते. त्याचा एक साधा हिशेब आहे, फिब-४ नावाचा. तुमच्याच पत्राच्या मागच्या बाजूला मी तो केला. वय गुणिले एसजीओटी, म्हणजे ४६ गुणिले ५२, झाले २३९२. खाली प्लेटलेट हजारांत, म्हणजे २४०, गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, म्हणजे साधारण ८.२५, झाले १९८०. भागाकार १.२१. हा आकडा १.३ च्या आत असला तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी, २.६७ च्या वर असला तर जास्त. तुम्ही आतल्या बाजूला आहात. पण काठापासून फार लांब नाही, म्हणून वर्षा-दोन वर्षांनी हा हिशेब पुन्हा करा आणि शक्य असेल तर एकदा फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय हे बाहेरून मोजणारी तपासणी, करून घ्या. (पासष्टीच्या पुढच्या आणि पस्तिशीच्या आतल्या वाचकांनी हेच आकडे स्वतःला लावू नयेत. वय या हिशेबातच असल्यानं त्यांचं गणित चुकीच्या दिशेला झुकतं.)

आता राहिल्या तपासण्या. हिपॅटायटिस बी आणि सी या दोन्ही चाचण्या केल्यात का? पत्रात उल्लेख नाही. सोनोग्राफीत चरबी दिसली म्हणजे विषाणू नसेलच असं कुणी सांगितलं नाही, दोन्ही एकत्र असू शकतात. आणि हिपॅटायटिस सी असेल, तर तो आज साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातल्या पंच्याण्णवाहून अधिक लोकांत पूर्ण बरा होतो. असा बरा होणारा आजार अंगात ठेवून वर्षभर वनस्पतीच्या गोळ्या घेत बसणं, हे मला सगळ्यात जास्त खुपतं. सोबत रक्तातली साखर, एचबीएवनसी (साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी), चरबीचं प्रमाण आणि थायरॉइड बघा. दुसऱ्या कुठल्या आजारासाठी गोळ्या चालू असतील तर त्यांची यादी डॉक्टरांना द्या, कारण काही गोळ्यांनीही यकृतात चरबी साठते.

हे झाल्यावर मिल्क थिसल. फॅटी लिव्हरवर याचे प्रयोग झालेत आणि मी ते मन लावून वाचते, कारण मलाही रुग्णांना द्यायला काहीतरी हवंच असतं. मलेशियात ९९ रुग्णांवर झालेला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला नीट केलेला वाटतो. निम्म्या लोकांना सिलिमरीन, म्हणजे या बियांतला औषधी अंश, ७०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, असं ४८ आठवडे दिलं. निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. आधी आणि नंतर यकृताचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. ज्या सुधारणेसाठी प्रयोग आखला होता, ती औषध घेणाऱ्यांतल्या सुमारे ३३ टक्के लोकांत दिसली आणि न घेणाऱ्यांतल्या २६ टक्के लोकांत. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. मात्र फायब्रोसिस कमी झालेले लोक औषधाच्या गटात २२ टक्के होते, दुसऱ्या गटात ६ टक्के. हे आशेचं आहे. पण एवढ्याशा गटावरून ‘लिव्हर साफ होतं’ असं म्हणायला मी धजावणार नाही. शिवाय तिथला डोस बाजारातल्या नेहमीच्या गोळ्यांच्या कितीतरी पट होता, हेही विसरू नका.

उलट वजनाबद्दल मी छातीठोकपणे सांगू शकते. तुमच्या ८४ किलोंतले साधारण सव्वाचार किलो कमी झाले, म्हणजे ५ टक्के, की यकृतातली चरबी उतरायला लागते. ७ ते १० टक्के, म्हणजे सहा ते साडेआठ किलो गेले, की बहुतेकांची सूजही उतरते, आणि १० टक्क्यांपुढे गेलेल्यांत फायब्रोसिस मागे फिरल्याचंही पाहिलं गेलंय. सावकाश उतरवा, आठवड्याला अर्धा किलो पुरे. झटपट उपासानं वजन पाडलं तर यकृत काही काळ उलट बिघडतं. हे सगळं करत असताना सोबत सिलिमरीन घ्यायचं असेल, तर माझी हरकत नाही. भावाला सांगा, गोळी दुसऱ्या नंबरवर.

प्रश्न: मी मिल्क थिसलच्या बिया कुंडीत लावल्यात, रोप छान आलंय. पानांचा किंवा बियांचा काढा करून रोज घेतला तर चालेल ना? गोळ्यांपेक्षा ताजं बरं.

उत्तर: रोप लावलंत याचा मला आनंद झाला, कारण औषधाचं झाड ज्यानं डोळ्यांनी पाहिलंय तो त्याच्याबद्दल जास्त नेमके प्रश्न विचारतो. पान हातात घेऊन बघा, काटे सांभाळून. हिरव्या पानावर शिरांच्या कडेनं दूध सांडल्यासारखी पांढरी नक्षी दिसेल. त्या नक्षीवरूनच इंग्रजी नाव पडलं, आणि शास्त्रीय नावातला ‘मारियानम’ हा शब्द मेरीच्या दुधाच्या ख्रिस्ती आख्यायिकेवरून आला. मूळची ही भूमध्य समुद्राच्या आसपासची. करडई ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना तिच्या कुळाची ओळख लगेच पटेल: तीच काटेरी कड, तसंच टोकाला बोंड. फूल जांभळं. ते वाळलं की बोंडातून तपकिरी, चकचकीत, कडक दाणे निघतात, डोक्यावर पांढऱ्या केसांचा तुरा असलेले. आपण त्याला बी म्हणतो, वनस्पतिशास्त्रात ते फळ आहे.

औषध आहे ते या दाण्यात, मुख्यतः त्याच्या सालीत. पानांत ते जवळपास नाहीच, त्यामुळे पानांचा काढा हा प्रश्न इथेच मिटला. १९६० च्या दशकात जर्मन संशोधकांनी दाण्यांतून सिलिमरीन वेगळं काढलं. ते एकच द्रव्य नाही, एकमेकांच्या जवळच्या नात्यातल्या अनेक द्रव्यांचं मिश्रण आहे. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं सिलिबिन, साधारण निम्म्या वाट्याचं. आणि इथे काढ्याची अडचण येते: सिलिमरीन पाण्यात फारसं विरघळतच नाही. दाणे कितीही उकळा, पाणी रंगेल, चवही उतरेल, पण औषध बरंचसं चोथ्यातच राहील. कारखान्यात ते काढायला अल्कोहोलसारखी दुसरी द्रावणं वापरतात. पोटात गेल्यावरही तीच अडचण, घेतलेल्यातला थोडाच भाग रक्तात पोचतो. म्हणून काही कंपन्या सिलिबिनला लेसिथिनसारख्या स्निग्ध पदार्थाची जोड देतात.

दाणे कुटून चूर्ण घेतलं तर औषध पोटात जाईल हे खरं, पण किती गेलं हे तुम्हाला कळणार नाही. एका रोपातून दुसऱ्या रोपात प्रमाण बदलतं. आणि ओलसर राहिलेल्या दाण्यांना बुरशी फार लवकर लागते. २०१५ मध्ये चेक संशोधकांनी आहारपूरकं तपासली, तेव्हा बुरशीच्या विषांचं सर्वाधिक प्रमाण मिल्क थिसलच्या उत्पादनांत सापडलं होतं. यकृतासाठी घेतलेल्या दाण्यातून यकृतालाच बुरशीचं विष मिळावं, हे मला तरी परवडण्यासारखं वाटत नाही. रोप वाढू द्या, फुलू द्या, काढा नको.

प्रश्न: वर्षातून एकदा पंधरा दिवसांचा ‘लिव्हर डिटॉक्स’ करणं चांगलं का?

उत्तर: नको. यकृतात कचरा साठून राहत नाही. ते नको असलेली द्रव्यं बदलतं आणि पित्तातून, लघवीतून बाहेर पाठवतं, तेही रोज. त्याला पंधरवड्याची साफसफाई लागत नाही. साठते ती चरबी, आणि तिच्याबद्दल वर लिहिलंय.

प्रश्न: माझे बाबा ६३ वर्षांचे. दारूमुळे सिऱ्होसिस झाला. दोन वर्षांपूर्वी दारू पूर्ण सुटली. मागच्या वर्षी पोटात पाणी झालं होतं, ते एकदा काढावं लागलं. मी बाहेरगावी असते. त्यांना मिल्क थिसल सुरू करावं असं फार वाटतं. काहीतरी तरी करायला हवं ना?

उत्तर: तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. ‘काहीतरी तरी करायला हवं’ हे मी रोज ऐकते, बहुतेक वेळा मुलींकडून.

बाबांनी दारू सोडली, हे त्यांच्या यकृतासाठी आजवर झालेलं सगळ्यात मोठं औषध. त्यांना हे पुन्हा पुन्हा सांगा, माझ्या नावानं सांगा. दोन वर्षं टिकवणं सोपं नसतं.

आता सिऱ्होसिस, म्हणजे व्रणांनी कडक होऊन आकसलेलं यकृत, आणि सिलिमरीन. यावर दोन महत्त्वाचे अभ्यास आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. १९८९ मध्ये ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी १७० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सिलिमरीन १४० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा घेणाऱ्यांत चार वर्षांनी ५८ टक्के लोक हयात होते, न घेणाऱ्यांत ३९ टक्के. हे वाचून जगभर उमेद वाढली. मग १९९८ मध्ये स्पेनमधून दारूच्या सिऱ्होसिसचाच, २०० रुग्णांचा अभ्यास आला. १५० मिलिग्रॅम तीन वेळा. जगण्यात काहीही फरक नाही. पुढे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही ठाम फायदा हाती लागला नाही. म्हणून मी ते लिहून देत नाही. कुणी घेत असेल आणि बाकीचं सगळं नीट चाललं असेल, तर बंदही करायला लावत नाही.

‘बाकीचं सगळं’ म्हणजे काय ते सांगते, कारण तुमची काळजी तिथे लागली तर तिचा खरा उपयोग होईल. एंडोस्कोपी झाली आहे का विचारा. सिऱ्होसिसमध्ये अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि त्या फुटण्याआधीच त्यांच्यावर उपाय करता येतो. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व्हायलाच हवी, कारण अशा यकृतात कर्करोग होऊ शकतो आणि तो लहान असतानाच सापडला पाहिजे. तारखा तुमच्या फोनमध्ये टाका, बाबांच्या नको. मीठ कमी. प्रथिनं मात्र कमी करू नका, हा जुना गैरसमज अजून घराघरांत आहे. उलट वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, नाहीतर हातापायाचे स्नायू झडतात. रात्री झोपण्यापूर्वी थोडं खायला द्या, रात्रभराचा उपास या यकृताला सोसत नाही. अंगदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या अजिबात नकोत, त्यानं मूत्रपिंडं बिघडतात आणि रक्तस्राव होतो. आश्चर्य वाटेल, पण त्यापेक्षा पॅरासिटॅमॉल बरी, दिवसाला जास्तीत जास्त दोन ग्रॅम, तीही डॉक्टरांना विचारून.

आणि फोनवर रोज त्यांचा आवाज ऐका. बोलणं अडखळतंय, दिवसा झोप आणि रात्री जाग असं उलटं झालंय, काल झालेलं आठवत नाही, असं वाटलं तर वाट बघू नका. शौच डांबरासारखं काळं झालं, ताप आला, पोट दुखायला लागलं, तरी त्याच दिवशी रुग्णालयात. तुम्ही बाहेरगावी राहूनही हे ओळखू शकता. कुठल्याही गोळीला ते जमणार नाही.

प्रश्न: विषारी मशरूम खाल्लेल्यांना हेच औषध देऊन वाचवतात असं वाचलं. मग साध्या लिव्हरसाठी ते उपयोगी का नसेल?

उत्तर: वाचलंत ते खरं आहे. ‘डेथ कॅप’ नावाच्या मशरूममधलं अमॅनिटिन हे विष यकृताच्या पेशीत शिरतं ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका वाहक प्रथिनातून. सिलिबिन तो रस्ता अडवतं. युरोपात अशा रुग्णांना सिलिबिनचा पाण्यात विरघळणारा प्रकार शिरेतून देतात, लवकरात लवकर, भरपूर सलाइनबरोबर. तरीही काहींना यकृत प्रत्यारोपण लागतंच.

आता तुमच्या ‘मग’कडे येते. तिथे औषध शिरेतून थेट रक्तात जातं, तुमच्या गोळीतलं जेमतेम पोचतं. आणि तिथे अडवायला एक ठरावीक विष आहे, एक ठरावीक दार आहे. फॅटी लिव्हरमध्ये असं दार नाही. हिपॅटायटिस सीवर हे तपासून झालंय. २०१२ मध्ये अमेरिकेत १५४ रुग्णांना मोठ्या डोसमध्ये, ४२० किंवा ७०० मिलिग्रॅम तीन वेळा, २४ आठवडे सिलिमरीन दिलं. एसजीपीटी औषधानं उतरला तेवढाच औषध नसलेल्या गोळीनंही. वनस्पती एका ठिकाणी जीव वाचवते आणि दुसऱ्या ठिकाणी काहीच करत नाही, यात विसंगती नाही. आपल्या बाकीच्या औषधांचंही तसंच असतं.

प्रश्न: गुळवेल, भुईआवळा, हळद ही तर नैसर्गिक. त्यांनी लिव्हर बिघडतं असं डॉक्टर उगीच घाबरवतात का?

उत्तर: रागानं लिहिलेलं पत्र आहे, तरी प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर कधी कधी कारण न सांगता ‘बंद करा’ म्हणतो, आणि मग लोक सांगायचंच बंद करतात. त्यात माझीही एक चूक आहे, ती सांगते.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत अडतिशीतले एक शिक्षक कावीळ घेऊन आले. डोळे गर्द पिवळे, लघवी काळ्या चहासारखी, अंगाला एवढी खाज की हातांवर ओरखडे. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग देणारं द्रव्य, १४; एरवी ते एकच्या आसपास असतं. मी विचारलं, ‘कुठलं औषध चालू आहे?’ ते म्हणाले, ‘काही नाही.’ मी कागदावर ‘औषध नाही’ असं लिहिलं. विषाणूंच्या सगळ्या चाचण्या निगेटिव्ह, सोनोग्राफीत पित्तनलिका मोकळी. मी आणखी तपासण्या लिहीत राहिले, दुर्मीळ आजार शोधत राहिले. आठ दिवसांनी त्यांच्या पत्नी वॉर्डातली पिशवी आवरत होत्या. त्यांनी माझ्यासमोर टेबलावर एक डबा ठेवला. हिरवट पूड, आत छोटा प्लास्टिकचा चमचा, चमच्याच्या दांड्याला पूड चिकटून घट्ट झालेली. डब्यावर अकरा वनस्पतींची नावं होती, प्रमाण एकाचंही नव्हतं. रुग्णालयातही ते सकाळी एक चमचा घेत होते, पाच महिन्यांचा नेम होता. का, तर यकृत चांगलं राहावं म्हणून. ते खोटं बोलले नव्हते. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच. प्रश्न मी चुकीचा विचारला होता.

पूड थांबली आणि बिलिरुबिन उतरायला लागलं, पण पूर्ण नॉर्मल व्हायला नऊ आठवडे गेले. तेव्हापासून मी ‘औषध काय घेता’ असं विचारत नाही. ‘सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत जेवणाखेरीज पोटात काय काय जातं?’ असं विचारते आणि पुढच्या वेळी सगळे डबे, बाटल्या, पुड्या पिशवीत घालून आणायला सांगते.

आता तुमच्या तीन नावांबद्दल. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं तिच्यावर आक्षेप घेतला होता, हेही सांगायला हवं. पुढच्या वर्षी भारतातल्या अनेक केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद मांडली. बऱ्याच जणांचा आजार ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखा होता, म्हणजे स्वतःची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटलेली. प्रतिकारशक्ती चाळवणारी वनस्पती अशा प्रवृत्तीच्या माणसाला देणं धोक्याचं आहे, आणि ती प्रवृत्ती आधी कुणाच्या कपाळावर लिहिलेली नसते. थायरॉइडचा ऑटोइम्यून विकार, संधिवात, सोरायसिस असलेल्यांनी जास्त जपावं.

भुईआवळ्याची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती चटका लावते. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी हिपॅटायटिस बी असलेल्यांना तीस दिवस भुईआवळा दिला. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली, औषध न मिळालेल्या २३ जणांत फक्त एकाची. साऱ्या जगानं दखल घेतली. मग इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला आणि तसं यश पुन्हा मिळालं नाही. वनस्पती निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. पण हिपॅटायटिस बी असलेल्यानं तिच्या भरवशावर टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर ही विषाणू दाबून ठेवणारी गोळी बंद केली, तर आजार अचानक उसळतो, आणि ती उसळी जीवघेणी ठरू शकते.

हळद जेवणातली निर्धोक आहे, ती सोडायचं कारण नाही. घोटाळा होतो तो कुरकुमिनच्या दाट अर्काच्या कॅप्सूलमध्ये, विशेषतः शोषण वाढवायला त्यात काळ्या मिरीचा अर्क घातलेला असतो तेव्हा. ग्रीन टीचंही तसंच: कपातला चहा ठीक, वजन उतरवायच्या कॅप्सूलमधला अर्क यकृताला महाग पडू शकतो. यकृतासाठी वनस्पती निवडायचीच झाली, तर या सगळ्यांत मिल्क थिसल मला सौम्य वाटतं. मोठ्या डोसमध्येही प्रयोगांत त्यानं यकृताला इजा केल्याचं दिसलेलं नाही.

प्रश्न: मधुमेहाच्या गोळ्या आणि रक्त पातळ करणारी वॉर्फरिन चालू आहे. सोबत मिल्क थिसल चालेल?

उत्तर: मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर चालू शकेल, पण सिलिमरीननं साखर थोडी उतरते, तेव्हा पहिले काही आठवडे ती जास्त वेळा तपासा. वॉर्फरिनबरोबर मी नको म्हणेन. वॉर्फरिन शरीरात ज्या एन्झाइमनं मोडतं, त्याच्या कामात सिलिमरीन ढवळाढवळ करू शकतं, आणि वॉर्फरिनमध्ये थोडी चूकही रक्तस्रावापर्यंत नेते. घ्यायचंच ठरलं तर आधी डॉक्टरांना सांगून आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय हे सांगणारा आकडा, लवकर लवकर तपासावा लागेल. शेवंती, झेंडू किंवा गाजरगवतानं ज्यांना पुरळ उठतं, शिंका किंवा दम लागतो, त्यांनीही लांब राहावं, सगळी एकाच कुळातली आहेत. गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या बायकांना मी देत नाही, कारण त्यांच्यासाठी पुरेशी माहितीच नाही. बाकीच्यांना झालाच तर पोटाचा त्रास होतो: शौच पातळ, थोडे वात.

प्रश्न: डॉक्टरांनी ‘घ्यायचं तर घ्या’ म्हटलंय. कुठली बाटली घ्यावी आणि किती दिवस?

उत्तर: बाटलीवर दोन आकडे शोधा, अर्क किती आणि त्यात सिलिमरीन किती टक्के. ‘अर्क २०० मिलिग्रॅम, सिलिमरीन ८० टक्के’ असं असेल तर एका गोळीत १६० मिलिग्रॅम सिलिमरीन. नुसतं ‘मिल्क थिसल ५०० मिलिग्रॅम’ लिहिलं असेल तर ती साधी पूड असू शकते, तिच्यात औषध किती हे कळत नाही, ती ठेवून द्या. दहा-बारा वनस्पती एकत्र असलेलीही नको. काही बिघडलं तर कुणामुळे हे मला शोधता आलं पाहिजे. प्रयोगांत नेहमी वापरलेला डोस १४० मिलिग्रॅम सिलिमरीन, दिवसातून तीन वेळा.

सुरू करण्याआधी एलएफटी, म्हणजे यकृताच्या रक्ततपासण्या, करा. बाटलीच्या झाकणावर पेननं सुरुवातीची तारीख लिहा. तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा एलएफटी करा आणि दोन्ही कागद, बाटलीसकट, डॉक्टरांसमोर ठेवा. आकडे तिथेच असतील तर बंद करा, पुढची बाटली आणू नका. मध्येच डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अंगाला खाज सुटली, तर तीन महिन्यांची वाट न बघता त्याच दिवशी गोळी थांबवा आणि दाखवायला या.